रिमोट घेताय? आधी कॅमेऱ्याच्या कडेचं रबरी झाकण उघडा

मागच्या अंकात रात्रीच्या आणि लाँग एक्स्पोजरच्या (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या) फोटोंवर लिहिलं होतं, त्यात "शटर बोटाने दाबू नका, रिमोट वापरा" असं एक वाक्य जाता जाता टाकलं होतं. झालं, बाकीचा लेख राहिला बाजूला आणि सगळ्यांनी तेवढंच पकडलं. त्यामुळे या वेळचे प्रश्न सगळे रिमोटचेच.

प्रश्न: माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि बऱ्यापैकी मजबूत ट्रायपॉड आहे, तरी संध्याकाळनंतर काढलेले फोटो झूम करून बघितले की किंचित हललेले दिसतात. रिमोट शोधायला गेलो तर वायरवाला, इन्फ्रारेड, रेडिओ, ब्लूटूथ, टायमरवाला असे ढीगभर प्रकार समोर आले, डोकंच चक्रावलं. नेमका कोणता घेऊ?

उत्तर: आधी काहीही विकत न घेता एक करून बघा. कॅमेऱ्यात २ सेकंदांचा सेल्फ टायमर असतो, तो लावा, बटण दाबा आणि हात काढून घ्या. बोटाचा जो धक्का बसतो तो त्या दोन सेकंदांत बराचसा विरून जातो. आता फोटो शार्प आला तर दोष बोटाचा होता हे कळलं, आणि तुमचा विषय जागचा हलणारा नसेल, म्हणजे इमारत, डोंगर, टेबलावर मांडलेली वस्तू वगैरे, तर रिमोटवाचून तुमचं काही अडत नाही, टायमरवर भागवा खुशाल.

पण टायमर लावूनही फोटो हललाच तर रिमोट घेऊनही हलणारच, हे आधी लक्षात घ्या. मग दोष दुसरीकडे आहे. डीएसएलआरच्या आतला आरसा प्रत्येक फोटोला फाडकन वर जातो आणि साधारण १/३० ते १ सेकंद या टप्प्यातल्या शटर स्पीडला ती थरथर फोटोत उतरते. त्याहून फास्ट शटरला ती पकडली जात नाही, आणि वीस-तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये पहिल्या अर्ध्या सेकंदाची थरथर कुठल्या कुठे जिरून जाते, त्रास मधल्या पट्ट्यातच असतो. मेनूत मिरर लॉक-अप असेल तर चालू करा. त्यात पहिल्यांदा दाबलं की आरसा वर जातो, दुसऱ्यांदा दाबलं की फोटो निघतो, आणि मध्ये तुम्ही दोन-तीन सेकंद थांबायचं. कॅननच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये मिरर लॉक-अप आणि २ सेकंदांचा टायमर एकत्र लावला की आरसा आधी वर जाऊन थांबतो आणि दोन सेकंदांनी शटर उघडतं, एकाच दाबात दोन्ही कामं. शिवाय ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद करा (जुन्या लेन्सेसना तर नक्कीच), ट्रायपॉडची मधली दांडी पार वरपर्यंत चढवू नका, आणि कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा किंवा गुंडाळून ठेवा, वाऱ्याला तो फडफडत असतो आणि आपलं लक्षही नसतं.

एवढं सगळं करूनही रिमोट लागतोच अशी कामं आहेत. एक म्हणजे ३० सेकंदांच्या वरचं एक्स्पोजर. बहुतेक कॅमेऱ्यांत शटर स्पीडची यादी ३० सेकंदांवर संपते, पुढे बल्ब मोड, म्हणजे बटण दाबून धरलंय तोवर शटर उघडं. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड दहा वेळा निम्मा करणारी काळी काच) लावणाऱ्यांना हे लगेच कळेल, फिल्टरशिवाय १/१५ सेकंद येत असेल तर फिल्टर लावल्यावर ते जवळजवळ ६८ सेकंद होतं, आणि ६८ सेकंद बोट बटणावर धरून बसलात तर फोटोचं काय होणार ते सांगायला नको. दुसरं, नेमका क्षण पकडायचा असेल तेव्हा. लाट खडकावर आपटताना हवी असेल तर २ सेकंदांचा टायमर काय कामाचा, तोवर लाट परत गेलेली असते. तिसरं, ठरावीक वेळाने आपोआप फोटो हवे असतील, म्हणजे टाइमलॅप्स (ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेला वेगवान व्हिडिओ) किंवा ताऱ्यांच्या रेषा (तारे सरकताना फोटोत उमटतात त्या). आणि चौथं, तुम्ही स्वतःच कॅमेऱ्यापासून लांब असाल तेव्हा.

यातली पहिली दोन कामं असतील, आणि बहुतेक लोकांची तेवढीच असतात, तर माझं मत सरळ आहे: साधा वायरवाला रिमोट घ्या, त्यातही ज्याची वायर दोन्ही बाजूंनी निघते असा. त्यात बॅटरी नसते, पेअरिंग नसतं, मेनूत काही चालू करावं लागत नाही, खोचला की चालू. बटण अर्ध दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो, आणि पूर्ण दाबून पुढे सरकवलं की लॉक होतं, ते बल्बसाठी. वायर निघणारी का, तर उद्या कॅमेरा बदलला तर फक्त वायर बदलायची, रिमोट तोच राहतो.

प्रश्न: रिमोट मागवला, पॅकिंगवर माझ्याच कंपनीचं नाव होतं तरी पिन बसतच नाहीये. फसवलं का मला?

उत्तर: नाही हो, हा घोळ इतका कॉमन आहे की शीर्षकातच टाकलाय. कंपनी एक असली तरी पिन एक नसते. कॅमेऱ्याच्या कडेला रबरी झाकणं असतात, ती उघडा आणि आत कुठला आकार आहे तो बघा, मग मॅन्युअलमध्ये अॅक्सेसरीजच्या पानावर रिमोटचा मॉडेल नंबर शोधा. दुकानदाराने किंवा वेबसाइटने लावलेल्या लांबलचक "या सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो" यादीपेक्षा तो एक नंबर खरा धरा.

कॅननमध्ये ढोबळमानाने दोन प्रकार. सुरुवातीच्या आणि मधल्या रेंजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना २.५ मिमीची बारीक गोल जॅक लागते, त्यांचा रिमोट आरएस-६०ई३. वरच्या रेंजमध्ये, म्हणजे ५डी, ७डी वगैरे आणि मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) आर५, तीन पिनांचं एन३ नावाचं सॉकेट असतं, त्याला आरएस-८०एन३. नावातला आकडा वायरची लांबी आहे, ६० आणि ८० सेंटीमीटर. गंमत म्हणजे आर५ आणि आर६ एकाच वेळी आलेले भाऊ, पण आर५ ला एन३ लागते आणि आर६ ला २.५ मिमी.

निकॉनमध्येही तसंच. डी८५०, डी५००, झेड८, झेड९ यांना गोल दहा पिनांचं सॉकेट, त्याचा रिमोट एमसी-३०ए. डी७५०, डी७००० च्या मालिकेतले, झेड५, झेड६, झेड७ यांना चपट्या पिनेचा एमसी-डीसी२. आणि काही छोट्या बॉडींना, म्हणजे कॅमेऱ्यांना, वायरचं सॉकेटच नाही, झेड३० आणि झेड एफसीला एमएल-एल७ हा ब्लूटूथ रिमोट, आणि डी३५०० ला तर वायरही नाही आणि इन्फ्रारेडही नाही, फक्त फोनमधलं अॅप. डी३५०० वाल्यांची पत्रं मला नेहमी येतात. त्यांनी ३० सेकंदांच्या आत राहून टायमर वापरावा, नाहीतर अॅपशी जुळवून घ्यावं.

सोनीच्या पुष्कळ मिररलेसना मल्टी टर्मिनल असतं, दिसायला मायक्रो यूएसबीसारखं पण किंचित मोठं आणि एका बाजूला वेगळा कोन असलेलं. त्यात साधी मायक्रो यूएसबीही बसते, म्हणून लोक गोंधळतात, पण रिमोटला त्यातल्या जास्तीच्या पिना लागतात. नव्या काही बॉडींत हे सॉकेट काढून टाकलंय, तिथे ब्लूटूथ रिमोट. फुजीमध्ये मॉडेलप्रमाणे मायक्रो यूएसबी किंवा २.५ मिमी, आणि एक्स१०० मालिकेच्या शटर बटणावर तर चक्क आटे आहेत, जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची स्क्रूवाली केबल रिलीज त्यात फिरवून बसवायची. मला स्वतःला ती फार आवडते. बिघडायला आत आहे काय, एक लवचिक नळी आणि तिच्यातून सरकणारी तार.

तुमचं म्हणाल तर, तुमच्या रिमोटची वायर वेगळी निघतेय का बघा. निघत असेल तर नुसती तुमच्या कॅमेऱ्याची वायर मागवा, काम झालं.

प्रश्न: इन्फ्रारेड रिमोट घरात मस्त चालतो पण बाहेर उन्हात नेला की दहा वेळा दाबावा लागतो. खराब आहे का?

उत्तर: टीव्हीच्या रिमोटसारखंच आहे ते, समोर धरावं लागतं आणि मध्ये काही आलं की संपलं. कॅमेऱ्यावरची इन्फ्रारेडची छोटी काळपट खिडकी बहुतेक वेळा पुढच्या बाजूला, ग्रिपवर असते. म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून दाबत असाल तर सिग्नल पोहोचणार कसा? हात पुढे नेऊन, खिडकीकडे रोखून दाबा. (निकॉनच्या काही बॉडींत मागेही एक खिडकी आहे, त्या मालकांची मजा आहे.) उन्हात स्वतः सूर्याचंच इन्फ्रारेड एवढं असतं की रिमोटचा बारीक सिग्नल त्यात हरवतो, त्यामुळे खिडकीवर सावली धरली तरी फरक पडतो. कॅननच्या आरसी-६ ची रेंजच मुळात साधारण ५ मीटर आहे, आणि तीही चांगल्या परिस्थितीत. आणखी एक, बऱ्याच कॅमेऱ्यांत रिमोटचा मोड ड्राइव्ह मेनूत निवडावा लागतो आणि काही वेळ रिमोट दाबला नाही की कॅमेरा आपणहून त्या मोडमधून बाहेर पडतो, तेही तपासा. खराब म्हणून फेकायच्या आधी सेल बदला, बहुतेकांत सीआर२०३२ किंवा तसाच नाण्यासारखा सेल असतो.

प्रश्न: ताऱ्यांच्या रेषांसाठी टायमर रिमोट घेतला. कॅमेऱ्यावर ३० सेकंद आणि रिमोटवर ३१ सेकंदांचा इंटरव्हल, म्हणजे दर ३१ सेकंदांनी एक फोटो, असं लावलं होतं. दोन तासांनी बघतो तर अपेक्षेच्या निम्मेच फोटो आणि रेषा तुटक तुटक. रिमोट बदलून घेऊ का?

उत्तर: रिमोट बरोबर आहे, कॅमेरा तुम्हाला गोल आकडा दाखवतोय. शटर स्पीड दुपटीने वाढत जातात, १, २, ४, ८, मग १६ आणि ३२. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मात्र १५ आणि ३० लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्ही ३० लावलं तेव्हा बहुतेक कॅमेऱ्यांत शटर प्रत्यक्षात ३२ सेकंद उघडं असतं. आता ३१ व्या सेकंदाला रिमोट दुसरा फोटो काढ म्हणून सांगतो, कॅमेरा अजून पहिल्यातच अडकलेला असतो, तो ऐकतच नाही. मग रिमोट परत ६२ व्या सेकंदाला सांगतो, तेव्हा कॅमेरा मोकळा असतो. म्हणून एकाआड एक फोटो गायब आणि मध्ये तीस सेकंदांची गॅप. इंटरव्हल ३३ किंवा ३४ करा. घरात लेन्सला झाकण लावून, मोबाइलचं स्टॉपवॉच हातात घेऊन शटर बंद व्हायचा आवाज कधी येतो ते मोजून बघा म्हणजे तुमच्याच कॅमेऱ्याचा खरा आकडा कळेल.

त्याच्याबरोबर लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद आहे ना तेही बघा. ते चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढ्याच वेळाचा दुसरा काळा फोटो मनातल्या मनात काढतो आणि पहिल्यातून वजा करतो, म्हणजे ३० चे झाले ६० सेकंद, आणि तेवढा वेळ कॅमेरा तुमच्या हाती नसतो. एकट्या फोटोला ते चांगलं, रेषांना सत्यानाश.

आणि आता खरं सांगायचं तर नुसत्या ताऱ्यांच्या रेषांसाठी टायमर रिमोट लागतच नाही. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, शटर ३० सेकंद, ड्राइव्ह कंटिन्युअसवर, फोकस मॅन्युअल, आणि साध्या वायरच्या रिमोटचं बटण दाबून लॉक करा. कॅमेरा समजतो की कुणीतरी बटण दाबूनच धरलंय, एक फोटो संपला की लगेच दुसरा सुरू करतो आणि मधली गॅप इंटरव्हलवाल्यापेक्षाही कमी राहते. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये सलग १०० फोटोंवर कॅमेरा आपोआप थांबतो, तिथे लॉक सोडून परत लावायचा, म्हणजे दोन तासांत एखाद-दुसऱ्या वेळी उठावं लागेल. नंतर लॉक सोडायला विसरू नका मात्र, नाहीतर सकाळी बॅगेतून कॅमेरा काढून चालू केला की तो आपला फटाफट फोटो काढत सुटतो आणि माणूस घाबरतो.

टायमर रिमोटचा खरा उपयोग आहे दोन ठिकाणी. एक, प्रत्येकी दोन-तीन-चार मिनिटांचे सलग बल्ब फोटो हवे असतील तेव्हा, आणि दुसरं टाइमलॅप्स. त्यातही आधी मेनू नीट बघा, बऱ्याच कॅमेऱ्यांत आता इंटरव्हल टायमर आतच असतो. कॅननच्या काही बॉडींत बल्ब टायमरही आहे, निकॉनच्या झेड६ II आणि झेड७ II मध्ये शटर थेट ९०० सेकंदांपर्यंत लावता येतं. असं असेल तर जास्तीचा रिमोट कशाला घ्यायचा? टाइमलॅप्सचं गणित एकदा करून ठेवा: सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १० सेकंदांच्या क्लिपला २५० फोटो लागतात, दर ४ सेकंदांनी एक काढला तर १,००० सेकंद, म्हणजे साधारण १७ मिनिटं. ढगांना चालतं हे. सावल्या सरकताना दाखवायच्या असतील तर इंटरव्हल बराच वाढवावा लागतो.

प्रश्न: कॅमेऱ्याचं अॅप फोनमध्ये फुकट मिळतं, त्यातून फोटो काढता येतो, मग रिमोटवर पैसे कशाला?

उत्तर: चांगला प्रश्न आहे, आणि बऱ्याच जणांना अॅपच पुरेल. कॅननचं कॅमेरा कनेक्ट, निकॉनचं स्नॅपब्रिज, सोनीचं क्रिएटर्स अॅप, फुजीचं एक्सअॅप, यांत वायफायवर फोनच्या स्क्रीनवर कॅमेऱ्याला काय दिसतंय ते दिसतं, बोट ठेवून फोकस करता येतो, सेटिंग बदलता येतात. कॅमेरा जमिनीला टेकवून किंवा डोक्यावर उंच लावून फोटो काढायचा असेल तर याला तोड नाही, कुठलाही साधा रिमोट हे करू शकत नाही.

पण घाई असते तेव्हा अॅपवर भरवसा टाकू नका. फोन खिशातून काढा, अनलॉक करा, अॅप उघडा, कॅमेऱ्याशी जोडायची वाट बघा, मध्येच कुणाचा कॉल येतो, आणि या सगळ्यात सूर्य मावळून मोकळा होतो. दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत किंचित उशीरही होतो, त्यामुळे लाट पकडायला नको. वायफाय चालू ठेवून कॅमेऱ्याची बॅटरीही भराभर उतरते आणि रात्रीच्या थंडीत तर ती आधीच मंदावलेली असते. शिवाय अंधारात फोनच्या स्क्रीनने डोळे दिपतात, परत अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि शेजारी कुणी तारे बघत बसलं असेल तर ते वैतागतात ते वेगळंच.

ब्लूटूथ रिमोट हा मधला मार्ग आहे. कॅननचा बीआर-ई१ किंवा सोनीचा आरएमटी-पी१बीटी कॅमेऱ्याकडे रोखून धरावा लागत नाही, मागून, बाजूने, खिशातून, कुठूनही चालतो. रेंज साधारण ५ मीटरच. एकदा पेअर केला की दरवेळी आपोआप जोडला जातो. फक्त तुमचं मॉडेल त्याच्या यादीत आहे का हे कंपनीच्याच साइटवर बघा, इथे वायर बदलून जुगाड करता येत नाही.

प्रश्न: रिमोट दाबतो, कॅमेरा हलतो-डुलतो, लेन्स मागेपुढे गुरगुरते पण फोटो निघतच नाही.

उत्तर: फोकस सापडत नाहीये त्याला. रिमोटचं बटण म्हणजे शटरचं बटणच, आधी फोकस मग फोटो, आणि फोकस लागला नाही तर बरेच कॅमेरे शटर सोडतच नाहीत. अंधारात, धुक्यात, नुसत्या आकाशाकडे रोखला की हेच होणार. आधी एखाद्या लांबच्या दिव्यावर ऑटोफोकसने फोकस करा, मग लेन्सवरचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) सरकवा आणि त्यानंतर फोकसच्या रिंगला हात लावू नका. बॅक बटण फोकस (फोकस शटरऐवजी मागच्या वेगळ्या बटणावर) वापरत असाल तर हा प्रश्नच येत नाही.

डीएसएलआरवाल्यांनी अजून एक बघावं. रिमोटने फोटो काढताना तुमचा डोळा व्ह्यूफाइंडरला लागलेला नसतो, मग मागून त्यातून उजेड आत शिरतो आणि उजेड मोजणारं मीटर फसतं, फोटो गरजेपेक्षा काळपट येतो. पाठीमागे ऊन किंवा दिवा असेल तर हमखास. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या पट्ट्यावर जो रबरी चौकोन अडकवलेला असतो आणि तो कशासाठी आहे हे कुणालाच माहीत नसतं, तो यासाठीच आहे, व्ह्यूफाइंडर झाकायला. नसेल तर मॅन्युअल एक्स्पोजर लावा किंवा टोपी टाका वर. मिररलेसला ही भानगड नाही.

प्रश्न: आजोबांच्या जुन्या वह्या आणि पत्रं कॅमेऱ्याने कॉपी करतोय. कॅमेरा वर स्टँडला उलटा लावलाय, एका हाताने पान धरतो, दुसऱ्याने काच ठेवतो, आणि रिमोट दाबायला तिसरा हात नाही. काही उपाय?

उत्तर: पाय आहे ना! गंमत नाही करत, पायाने दाबायचा स्विच खरंच चालतो आणि पान-पान करत शेकडो पानं काढायची असतील तर त्याच्याइतकं सुख नाही. वायरच्या रिमोटच्या आत असतं काय, तर फक्त तीन तारा: एक कॉमन, एक फोकसची, एक शटरची. फोकसची तार कॉमनला टेकली की अर्ध बटण दाबल्यासारखं, शटरची टेकली की पूर्ण. कॅननच्या २.५ मिमी जॅकमध्ये टोक म्हणजे शटर, मधली रिंग म्हणजे फोकस आणि मुळाकडचा भाग कॉमन. यात बाहेरून करंट द्यायचा नसतो, फक्त तारा एकमेकींना टेकवायच्या, त्यामुळे ज्यांना सोल्डरिंग येतं ते साध्या दाबाच्या पायस्विचला अशी वायर सहज जोडतात. एकच अट, त्यात कुठल्याही चार्जरची किंवा अडॅप्टरची वायर चुकूनही जोडू नका, कॅमेऱ्याचं सर्किट जाईल. स्विच दाबला तेवढाच वेळ चालू राहणारा हवा, दिव्याच्या बटणासारखा चालू-बंद राहणारा नको.

तुमच्या कामात फोकस एकदाच लावून मॅन्युअल करून टाका म्हणजे फोकसची तार शटरच्या तारेला जोडून टाकली तरी चालतं, एकाच दाबात काम. जोडाजोडी करायची नसेल तर कॅमेऱ्यातला इंटरव्हल टायमर ८-१० सेकंदांवर लावा आणि त्या तालावर पानं उलटत जा. पहिली दोन-चार पानं तारांबळ उडते, मग हात बसतो. एखादं पान हुकलं तर पुढच्या क्लिकची वाट बघायची, नंतर फालतू फोटो डिलीट. हाताला कंप असलेल्यांनाही पायाच्या स्विचचा हा मार्ग सांगून बघा, कुणी फारसं सुचवत नाही पण उपयोगी आहे.

प्रश्न: कंपनीचा ओरिजिनल घ्यावा की दुसऱ्या कुणाचा स्वस्तातला?

उत्तर: वायरवाला असेल तर स्वस्तातला बिनधास्त घ्या, तीन तारा आणि एक बटण, वर सांगितलंच. फक्त अर्ध्या दाबाला बटण जिथे थांबतं तो टप्पा बोटाला स्पष्ट लागतोय का आणि लॉक सैल नाही ना हे बघा, घोळ असतो तो तिथेच. ब्लूटूथमध्ये मात्र मी कंपनीचाच घेईन. रेडिओवाले २.४ गिगाहर्ट्झचे सेट दुसऱ्या कंपन्यांचे चांगले मिळतात, पण त्यांचा रिसीव्हर कॅमेऱ्यावर बसून शेवटी वायरनेच सॉकेटला जोडतात, म्हणजे पिनेचा प्रश्न सुटत नाही, आणि दोन ठिकाणचे सेल सांभाळावे लागतात. वापरून झाल्यावर सेल काढून ठेवा, टायमर रिमोटचेही, बरेचसे बंद करायचं बटणच नसलेले असतात आणि सेल गळला की आतला पत्रा हिरवा पडतो.

प्रश्न: ग्रुप फोटोत मला पण यायचंय. १० सेकंदांच्या टायमरला धावतपळत यावं लागतं आणि माझेच डोळे मिटलेले असतात.

उत्तर: इन्फ्रारेड किंवा ब्लूटूथ, जो तुमच्या कॅमेऱ्याला चालतो तो, इथे वायरचं काही काम नाही. कॅननच्या आरसी-६ वर एक छोटी सरकपट्टी आहे, एका बाजूला लगेच फोटो, दुसऱ्या बाजूला २ सेकंदांनी. ती २ वर ठेवा, दाबा, आणि हात खाली घ्या, म्हणजे फोटोत तुम्ही कॅमेऱ्याकडे रिमोट रोखून उभे असलेले दिसणार नाही. फोकस आधीच मधल्या ओळीतल्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर लावून मॅन्युअल करून या, लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ८ च्या आसपास ठेवा, आणि एक नाही, सलग पाच-सहा काढा. माणसं जितकी जास्त तितके फोटो जास्त, कुणीतरी डोळे मिटणारच.